बोजारा

दुकान चिवड्याचं आमचं, मस्कासाथेत, आजोबांपासून.
दिवसाला पंधरा किलो दाणे तळतो मी
आणि घरी लेकीला दाण्याचा कण चालत नाही.

म्हणून मागच्या दाराने शिरतो.
सदरा बादलीत, साबण कोपरापर्यंत,
नखांत ब्रश, मग मिशा.
निरू उंबऱ्याआड उभी राहून तपासते,
"बाबा, कान राहिले."
कान धुतो. तेव्हा कुठे गळ्यात पडते.

दीड वर्षाची होती.
आत्याने लाडाने बोटावर लाडवाचा चुरा दिला.
ओठ सुजले, डोळे मिटत गेले,
मेयोत पोचेपर्यंत रिक्षात
मला माझ्याच हातांचा वास येत होता.
आत्या अजून म्हणते, "एका दाण्यानं काय होते बाप्पा?"
मी भांडणं सोडलं.
बायकोने नाही सोडलं.

दम्याचं वेगळं. तो ऋतू बघून येतो:
मे महिन्यात कूलरच्या कुबट वाळ्यातून,
दिवाळीत शेजाऱ्यांच्या अनारांतून,
कधी कोराडीकडून वारा फिरला की
गच्चीतल्या दोरीवर वाळणाऱ्या फ्रॉकमधून.
पंप हलवायचा, नळी तोंडाला,
श्वास हळू आत, अन् दहापर्यंत धरायचा.
आठावर ती माझ्याकडे बघते.
मी बोटं उघडत जातो.
नऊ.
दहा.
सोड.

आज सकाळी गल्लीतून पिवळी मारबत गेली,
विजेच्या तारांना डोकं लागेल इतकी उंच.
"खासी खोकला घेऊन जा गे मारबत!"
आम्ही दुसऱ्या मजल्यावर, खिडक्या लावून.
निरू काचेला नाक टेकवून बेंबीच्या देठापासून ओरडली
आणि ओरडता ओरडता खोकली.
"नेला का तिनं?"
"पाहू," म्हटलं.
पुढे मारबतीला जाळतात
आणि त्या धुराजवळ आपल्याला जाता येत नाही,
हे सांगितलं नाही.

संध्याकाळी तान्हा पोळा.
लाकडी नंदी, शिंगांना बेगड, एक चाक कुरकुरणारं.
निरूच्या गळ्यात पिशवी: पंप, नळी, इंजेक्शन,
अन् आईच्या अक्षरात कागद, काय झालं तर काय करायचं.
नियम पाठ आहे:
घ्यायचं, थँक्यू म्हणायचं, फोडायचं नाही.
परातेंकडे दहाची नोट.
हेडाऊंकडे चॉकलेट. मागची मुंगीएवढी अक्षरं
तिने माझ्यापुढे धरली, मी मान हलवली,
चॉकलेट शेजारच्या पोट्ट्याच्या खिशात गेलं.
ती जाताना त्याच्या खिशाकडे बघत राहिली थोडा वेळ.
निमजे आजींनी मात्र आठवडाभर आधी फोन करून
तिच्यापुरते मुरमुरे केले होते, कोऱ्या कढईत.
कढईवरचं लेबल जपून ठेवलेलं,
आम्हाला दाखवायला.
मला काही बोलता आलं नाही. नंदीचं चाक नीट करत बसलो.

शेवटच्या घरी चिवड्याची पुडी.
निरूने उलटी केली, सुलटी केली.
यंदाच वाचायला लागलीय, बोट ठेवून,
"पौ-नी-क-र. चि-व-डा. म-स्का-सा-थ."
पुन्हा उलटी केली.
"बाबा, ही तर तुमची.
यात दाणे आहेत, ते कुठं लिहिलंय?"

चिवड्यात दाणे असतात हे का सांगावं लागते,
असं आजोबा म्हणत.
मीही आजवर तेच म्हणत आलो,
ज्यांनी विचारलं त्यांना. विचारलं होतं दोघा-तिघांनी.

रात्री तिची छाती वाजू लागली.
मशीन लावलं. मास्कभर धुकं,
मांडीवर नंदी, त्याच्याही तोंडाला तिने रुमाल बांधलेला.
मी खाली बसून चिठ्ठ्या लिहायला घेतल्या
उद्याच्या पुड्यांपुरत्या. छापायच्या नंतर छापू.
घरघरीतून आवाज आला,
"मोठं लिहा. पहिलीतल्यांना वाचता आलं पाहिजे."

यात शेगदाणे आहेत, मी लिहिलं.
तिने मास्क न काढता पेन मागितला
आणि राहिलेला अनुस्वार दिला.